'मूडी' अल्बमला 'लहरी' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: यो ला टेंगो या अमेरिकी बँडच्या 'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन' (१९९७) या अल्बमवर मराठीत लिहायचं आहे. इंग्रजीत त्याला 'मूडी' म्हणतात, मग मराठीत 'लहरी' चालेल का?

माझ्या मते नाही, आणि या अल्बमला तर मुळीच नाही.

मराठीत 'मूडी' असतो तो माणूस. आज भरभरून बोलेल, उद्या ओळखही दाखवणार नाही. त्याला 'लहरी' चपखल बसतं. संगीत मूडी असतं तेव्हा मात्र अर्थ जवळजवळ उलटतो: एक भाव दाटून येतो आणि सहजी उतरत नाही.

या अल्बममध्ये १६ गाणी आहेत आणि गाणारे तिघे: आयरा कॅप्लन, जॉर्जिया हबली, जेम्स मॅक्न्यू. 'शुगरक्यूब'मध्ये गिटारींचा कल्लोळ, 'सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी'त ब्राझीलची बोसा नोव्हा ही संगीतशैली, 'ग्रीन ॲरो'त शब्दच नाहीत, 'स्पेक बीबॉप' तर ऑर्गनच्या घुमाऱ्यावर दहा मिनिटांहून जास्त चालतं. मध्येच बीच बॉइज या बँडचं 'लिटल होंडा'. एवढं वाचल्यावर 'लहरी' शब्द आला, की वाचक समजणार, मनाला येईल तसं वाजवलंय. प्रत्यक्षात बाज बदलत राहतात, हुरहूर मात्र कायम राहते. 'ऑटम स्वेटर' ऐका: ऑर्गन, ताल आणि दबक्या आवाजात गाणारा एक बुजरा माणूस. बोलायला काही सुचत नाही, तिच्यासोबत तिथून हळूच सटकावं एवढंच त्याच्या मनात आहे. हा स्वर कातर आहे. लहरी कुठे आहे?

म्हणून दोन गोष्टींना दोन शब्द द्यावेत. भावासाठी 'हुरहूर लावणारा' किंवा 'कातर'. 'उदास' मला अपुरा वाटतो, कारण शेवटचं 'माय लिटल कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' चक्क प्रसन्न आहे. शैलींसाठी 'बाज'. ठुमरीचा पंजाबी बाज, पुरबी बाज असं आपण म्हणतोच; शब्द संगीतातलाच आहे. वाक्य असं होईल: 'नाना बाजांचा, तरी सलग हुरहूर लावणारा अल्बम.'

'मूड' शब्द टाळायलाच हवा असंही नाही. 'मूड लागला', 'मूड गेला' हे आता आपलंच आहे. 'अल्बमचा मूड कातर आहे' हे वाक्य मी बेलाशक लिहीन.

जाता जाता: या अल्बमबद्दल लिहिताना 'इंडी पॉप' हा शब्द आला, तर तो दोन शब्दांत लिहा आणि एकदा तरी 'स्वतंत्र, छोट्या कंपन्यांतून आलेलं पॉप' असा खुलासा करा. नाहीतर आपल्याकडचा वाचक नव्वदीतल्या हिंदी 'इंडिपॉप'च्या आठवणीत शिरेल.