पंचवीसची जुडी

"शाळंत सगळं हातानंच करवून घेत्यात म्याडम. तरी ह्येला का येईना?"

निपाणी-चिकोडी भागातल्या पालकांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट लिहावंच म्हटलं. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीची मुलं एका वर्गात बसून कार्डं, मणी, काड्या घेऊन आपापल्या गतीने शिकतात. याला 'नली-कली' म्हणतात, म्हणजे आनंदाने शिक. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात हे सुरू झालं. मला ही पद्धत आवडते. पण इथे मूल अडलं की घरचा धसका मोठा असतो. फळ्यावरचं कळलं नाही तर मास्तरांना बोल लावता येतो. हाताने करूनही कळलं नाही, तर पोरगंच मठ्ठ ठरतं.

ही आई विड्या वळणारी, मुलगा तिसरीत. "बाई म्हणत्यात, ह्यो करून शिकणारा हाय."

असे शिक्के मी मानत नाही. हा बघून शिकणारा, तो ऐकून. 2008 साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं. शिक्क्याप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं, याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. माझ्या अनुभवात मुलं वेगवेगळी असतात ती मुख्यतः घरून काय घेऊन येतात त्यात.

दोन भेटींत पोरगं तोंड उघडेना. तिसऱ्या वेळी मी त्याची वही चाळत बसले. चित्रात तीन जुड्या, चार सुट्या काड्या. याने लिहिलं होतं 79. त्यावर लाल फुली. पुढे एक जुडी, सात सुट्या. उत्तर 32.

मी काड्यापेटी ओतली. "एक जुडी बांध बघू." रबर दिलं, ते त्याने बाजूला सारलं. "दोरा द्या." मोजताना ओठ हलत नव्हते, नुसतं बोट फिरत होतं. दोन वेढे, टोक नखाने आत खोचलं. मी सोडून मोजल्या. पंचवीस.

"हजारात अशा किती?"

"चाळीस." डोळेसुद्धा वर केले नाहीत.

तीन पंचवीस पंचाहत्तर, वर चार. बेरीज चोख होती! शाळेतली जुडी दहाची आणि आईची विड्यांची जुडी पंचवीसची, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर्गातल्या जुड्या तयार बांधलेल्या. त्याने एकही कधी सोडून पाहिली नव्हती. (खरं सांगायचं तर वही मी पहिल्याच दिवशी मागायला हवी होती.)

आईचे डोळे भरले. "मी त्येला वळायला बसवत न्हाई हं, नुसता शेजारी असतोय."

बाईंना मी एवढंच कळवलं की जुड्या मुलांनाच बांधू द्या आणि सोडू द्या. पालकांनाही सांगते, चुकलेलं उत्तर दिसलं की "परत कर" म्हणू नका, "कसं केलंस?" विचारा आणि गप्प बसा. हा गप्प बसण्याचा भाग आयांना फार जड जातो. घरात पोरगं काय मोजतं, कशात मापतं, हिशेब कानडीत करतं की मराठीत, ते बाईंच्या कानावर घाला. आणि कोऱ्या वहीवरून शेजारच्या पोराशी तुलना नको.

त्या दिवशी जाण्याआधी त्याच्याकडून दहाची जुडी बांधून घेतली. ती तळहातावर घेऊन तो बघत राहिला.

"एवढीशी? ही कोण घेणार?"