शिल्लक किती, आणि त्यातली संस्थेची किती?

प्रश्न : वर्षअखेरीस आमच्या संस्थेच्या खात्यात 30 लाख शिल्लक होते, तरीही पगारासाठी पैसे नाहीत असे कोषाध्यक्ष सांगतात. हे कसे?

उत्तर : त्यांचे म्हणणे बरोबर असू शकते. शिल्लक रकमेपैकी किती विशिष्ट प्रकल्पासाठीच दिलेली आहे आणि किती संस्थेला स्वतःच्या निर्णयाने वापरता येते, हे पासबुक सांगत नाही. समजा, 22 लाख इमारतीसाठी मिळालेले आहेत आणि 5 लाखांची देणी चुकती करायची आहेत, तर संस्थेच्या हाती खऱ्या अर्थाने 3 लाखच उरतात. अशा वेळी इमारतीचा निधी पगारासाठी ‘तात्पुरता’ वळवण्याचा मोह होतो. परंतु तसे करणे हा देणगीदाराच्या अटींचा भंग आहे, आणि ती रक्कम पुन्हा कोठून भरणार, हे बहुधा कोणीच ठरवलेले नसते. दर तिमाहीस विश्वस्तांपुढे मुक्त निधीचा, म्हणजे देणी वजा जाता संस्थेला स्वतःच्या निर्णयाने वापरता येणाऱ्या रकमेचा, आकडा वेगळा मांडला जावा.

प्रश्न : राखीव निधी किती असावा?

उत्तर : तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतका असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मुक्त निधीला मासिक खर्चाने भागावे. वरील संस्थेचा मासिक खर्च 2 लाख असेल, तर तिच्याकडे दीड महिन्याचीच तरतूद आहे. इमारत किंवा वाहन यांची किंमत यात धरू नये, कारण त्यांतून पगार देता येत नाही. अनुदान खर्चानंतर हप्त्याने मिळत असेल, तर सहा महिनेही अपुरे पडतील.

प्रश्न : यंदा प्रथमच तूट आली. काळजी करावी का?

उत्तर : केवळ तेवढ्यावरून नको. तीन वर्षांचे अनुदान पहिल्याच वर्षी उत्पन्नात धरले गेले असेल, तर पुढील दोन वर्षे कागदावर तूट दिसणारच. पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवून मुक्त निधी सलग घटतो आहे का आणि एकाच देणगीदारावरील अवलंबित्व वाढते आहे का, ते पाहावे. मला स्वतःला तुटीपेक्षा अधिक चिंता वाटते ती झपाट्याने प्रकल्प वाढवणाऱ्या संस्थांची, कारण प्रकल्पाच्या अनुदानात भाडे, हिशेबनीस आणि लेखापरीक्षण यांचा वाटा धरलेला नसेल, तर प्रत्येक नवा प्रकल्प मुक्त निधीला थोडी आणखी गळती लावतो.

प्रश्न : मग प्रशासकीय खर्च कमी दाखवावा का?

उत्तर : नाही. तो खरा दाखवावा आणि पुढील प्रस्तावात मागून घ्यावा.