तो तुझा कोण लागत होता?

नाशिकच्या एका शिक्षिकाताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात: 'दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास मला इंग्लिश नट अ‍ॅलन रिकमन आठवतो. 14 जानेवारी 2016 ला तो गेला. हॅरी पॉटरचे सगळे सिनेमे मी लेकीबरोबर पाहिले. त्यातला खडूस मास्तर स्नेप म्हणजे तोच. बातमी कळली तेव्हा ओट्यापाशी उभी राहून ढसाढसा रडले. अजूनही त्या दिवशी त्याचा एखादा सिनेमा लावते आणि डोळे भरून येतात. नणंद म्हणते, सणासुदीला कसली रडतेस, तो तुझा कोण लागत होता? खरं सांगते, सख्ख्या मामाच्या वेळी मी एवढी रडले नव्हते. त्याची लाज वाटते. माझं काही चुकतंय का?'

ताई, तुमचं काहीही चुकत नाही.

आधी मामांचं बोलते, कारण खरी टोचणी तिथे आहे. मामा गेले तेव्हा घरात माणसं असणार. दहावं-तेरावं झालं असेल, कुणी पिठलं-भात आणून दिला असेल, कुणी शेजारी बसून त्यांच्या जुन्या गोष्टी काढल्या असतील. रिकमन गेला तेव्हा तुम्हाला भेटायला कोण आलं? लंडनमध्ये त्याच्या चाहत्यांनी निदान किंग्ज क्रॉस स्टेशनात, पॉटरच्या गोष्टीतल्या पावणेदहा नंबरच्या फलाटाच्या पाटीपाशी, फुलं आणि चिठ्ठ्या नेऊन ठेवल्या. तुम्हाला एकटीलाच रडावं लागलं, म्हणून ते जास्त वाटलं. मामांवरची माया त्याने कमी ठरत नाही.

आता काही जण तुम्हाला सांगतील की हे रडणं रिकमनसाठी नाहीच, लेक मोठी झाली, लांब गेली, त्याचं आहे. असेलही थोडंसं. पण मला विचाराल तर तुम्ही त्या माणसासाठीच रडता, आणि तो होताच तसा. आठ वर्षांचा असताना वडील गेले, आईने चार मुलं वाढवली. ग्राफिक डिझाइनचं चालतं काम सोडून तो वयाच्या 26व्या वर्षी राडा या नाट्यशाळेत शिकायला गेला. 'डाय हार्ड' हा त्याचा पहिला सिनेमा आला तेव्हा तो 42 वर्षांचा होता. शेवटी शेवटी, आजारी असताना, निर्वासितांच्या मदतीसाठी केलेल्या एका छोट्याशा व्हिडिओला त्याने आवाज दिला. पडद्यावर फक्त स्ट्रॉबेरी खाणारं एक कासव आहे. तो आवाज ऐकत मी ते कासव शेवटपर्यंत पाहिलं.

आणि स्नेप! पॉटरचा तिसरा सिनेमा पुन्हा लावा. लांडगा झालेला ल्युपिन मास्तर समोर येतो आणि क्षणापूर्वी हॅरीवर खेकसणारा स्नेप गर्रकन वळून, हात पसरून तिन्ही मुलांना पाठीशी घालतो. हा सिनेमा 2004चा. स्नेपचं खरं मन उघड करणारं सातवं पुस्तक यायला अजून तीन वर्षं होती. आपण सगळे त्याला दुष्टच समजत होतो. स्नेपच्या मनातल्या प्रेमाची एक छोटीशी गोष्ट पॉटरच्या लेखिका रोलिंगबाईंनी रिकमनला फार आधी सांगून ठेवली होती, आणि त्याने ती वर्षानुवर्षं कुणालाही कळू दिली नाही. लोकांना खलनायक वाटत राहायचं आणि आतून ते प्रेम सांभाळायचं, हे दहा वर्षं करणं सोपं नाही. ते तुमच्यापर्यंत पोचलं, म्हणून तुम्ही रडता.

तुमचं खाणंपिणं, झोप, शाळा सगळं नीट चाललंय, असं पत्रावरून दिसतं. तेव्हा आजाराबिजाराची शंका मनात आणू नका. सणाचा प्रश्न असेल तर सकाळी तिळगूळ वाटा, हळदीकुंकू करा, आणि रात्री सिनेमा लावा. दोन्ही एका दिवसात मावतं.

या खेपेला मात्र स्नेपऐवजी 'ट्रुली, मॅडली, डीपली' लावा. 1990चा आहे. नीनाचा जोडीदार जेमी वारलाय, आणि ती इतकी रडते की तो परत येतो. मग आपल्या भुताखेतांच्या मित्रांना घरी जमवतो, सामान हलवतो, तिला नको नको करून सोडतो. जेमी म्हणजे रिकमन. हसताहसता पाणी येतं डोळ्यांत. नणंदेला सोबत बसवा. तिला इंग्रजी संवाद भराभर कळत नसतील तर मध्ये थांबवून सांगा. तासाभरानंतरही ती 'कोण लागत होता' म्हणालीच, तर मला पुन्हा लिहा.

आणि लेकीला आजच फोन करा. तिलाही तो आठवत असणार, फक्त आई हसेल म्हणून ती बोलली नसेल.