स्मिथफिल्डला पहाटे जा, पिशवी घेऊन

प्रश्न : मुलीकडे लंडनला निघालोय. तिथला स्मिथफिल्डचा जुना मांसबाजार बघायची फार इच्छा आहे. घरचे म्हणतात, एवढ्या लांब जाऊन कुणी खाटीकखाना बघतं का, शिसारी येईल. जावं का? फोटो काढू देतात का? तिथलं मटण आणून मुलीकडे रस्सा होईल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जरूर जा. मी साताऱ्यातल्या खाटकाच्या घरची लेक, दुकानातच वाढले. आमच्या धंद्याबद्दल कुणी इतक्या आस्थेनं विचारलं की मला मनापासून आनंद होतो.

घरच्यांना आधी सांगा, तिथे जनावर कापत नाहीत. जिवंत जनावरांचा बाजार १८५५ मध्येच तिथून हलवला. आजची लोखंडी कमानींची इमारत १८६८ ची, होरेस जोन्स यांनी बांधलेली. टॉवर ब्रिजचा आराखडाही त्यांचाच. आत थंडगार गाळे, काचेमागे टांगलेली अख्खी कोकरं. गाईचं आणि डुकराचं मांसही समोरच असतं. ते ज्यांना बघवणार नाही त्यांनी घरीच थांबावं, त्यात कमीपणा काही नाही.

बाजार सोमवार ते शुक्रवार. पहाटे दोनला उघडतो, सातनंतर आवराआवर सुरू. त्यामुळे नाश्ता करून निघालात तर धुतलेली फरशीच दिसेल. फॅरिंग्डन स्टेशन अगदी जवळ आहे.

फोटोचं मात्र मी कळकळीनं सांगते. आमच्या दुकानासमोर उभं राहून, काहीही न घेता, नाकाला रुमाल लावून फोटो काढणारे लोक मी पाहिलेत. सुरा हातात असलेल्या माणसाला ते फार लागतं. म्हणून आधी काहीतरी विकत घ्या, मग विचारा, मगच मोबाइल काढा. हातगाड्या ओढणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका. बर्फासारखी थंडी असते, स्वेटर घाला.

घ्यायचं काय? आपल्याला सकाळी कापलेलं दुपारी चुलीवर लागतं. तिकडे मांस थंडीत टांगून मुरवतात, गोमांस तर दोन-तीन आठवडेसुद्धा. कापल्यावर स्नायू आधी ताठरतात, मग मांसातलीच पाचकद्रव्यं त्यांचे धागे सैल करतात. म्हणून शिळं म्हणून नाक मुरडू नका. रश्श्याला कोकराचा खांदा हाडासकट मागा आणि तुकडे तिथेच करून घ्या. काही गाळे अख्खी पेटीच विकतात, ते सोडून पुढच्याकडे जा. या मांसाला चरबी भरपूर असते, तेव्हा तेल निम्मं घाला. शिजतंही बोकडापेक्षा लवकर, शिट्ट्या बेतानं. बोकडच हवा असेल तर आशियाई वस्तीतल्या हलाल दुकानात विचारा.

कांदा-लसूण मसाला इथूनच न्या. सुकं मटण किंवा कंदी पेढे मात्र नेऊ नका, भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. परत येतानाही परवान्याशिवाय मांस आणता येत नाही.

जमलं तर याच खेपेला जा. बाजार डॅगेनहॅमला हलवायची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या नगर प्रशासनानं सोडून दिली, आणि व्यापाऱ्यांना या जागेत निदान २०२८ पर्यंत धंदा करता येईल, एवढंच तेव्हा सांगितलं होतं.