बेसिल नुसतं उंच वाढतंय, भरत नाहीये? शेंडा खुडा

तुम्ही सांगताय की रोप दीड फूट झालंय, खालचा दांडा उघडा, पानं फक्त वरती, आणि आता मंजिऱ्या पण यायला लागल्यात. हा रोग नाहीये, पानं तोडायची पद्धत चुकतेय. मी पण पहिली दोन वर्षं हेच केलं, लागेल तसं खालचं मोठं पान तोडायचं आणि शेंड्याला हात लावायचा नाही, वाटायचं शेंडा गेला की वाढ थांबेल. पण ती खालची मोठी पानंच रोपासाठी अन्न बनवतात, ती काढली की रोप उपाशी राहतं आणि शेंडा मात्र वर पळत सुटतो.

बेसिलची पानं समोरासमोर जोडीने येतात, त्या जोडीच्या बेचक्यात बघा, दोन बारीक डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, दिसतील. शेंड्यातून ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली येत असतं, ते या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की दोन्ही डोळे जागे होतात आणि एकाच्या दोन फांद्या होतात, त्या खुडल्या की चार, मग आठ, असं करत रोप झुडपासारखं भरतं. नवीन रोप साधारण 15 सेंमी झालं की खालच्या दोन जोड्या ठेवायच्या आणि त्यांच्या जरासं वर कापायचं. वर लांब खुंट ठेवू नका, तो नुसता वाळतो. मग दर दोन-तीन आठवड्यांनी हेच, फक्त एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही.

मंजिरी दिसली की लगेच खालच्या एक-दोन जोड्यांसकट कापा. बेसिल वर्षभराचंच झाड, एकदा बी धरायला लागलं की पानं बारीक होतात, चव उतरते, दांडा लाकडासारखा होतो. बी हवं असेल तर एखादी फांदी राहू द्या, मधमाश्या पण येतात, मला तर ते बघायला फार आवडतं.

तुमचं आत्ताचं रोप वाचेल, फक्त पूर्ण उघड्या दांड्यावर कापू नका, तिथून फूट येईलच असं नाही, जिथे हिरवी पानं आहेत त्या पेराच्या वर कापा. आणि कापलेले शेंडे प्लीज फेकू नका!! 10 सेंमीचे तुकडे करा, खालची पानं आणि मंजिरी काढून टाका, ग्लासभर पाण्यात उजेडात ठेवा पण कडक उन्हात नको, दोन दिवसांनी पाणी बदला, आठ-दहा दिवसांत मुळं दिसतील, ती दोन-तीन सेंमी झाली की कुंडीत लावा.

रोज ठरवून पाणी घालताय ते बंद करा, बोट खुपसून वरची दोन सेंमी माती कोरडी लागली तरच घाला, सकाळी, बुडाशी, पानांवर नको. ऊन सहा तास तरी हवंच. पानं पिवळी पडत असतील, पिवळेपणा शिरांच्या मधल्या भागात असेल आणि पान उलटल्यावर करडी-जांभळट बुरशी दिसली तर तो डाऊनी मिल्ड्यू नावाचा रोग, मग मात्र ते रोप उपटून लांब टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको.

खुडलेली पानं फ्रिजमध्ये काळी पडतात म्हणालात, ते थंडीमुळे, बेसिलला 10 अंशांखाली सहन होत नाही. देठासकट पाण्यात उभी करून बाहेरच ठेवा, चार-पाच दिवस छान राहतात.