इंग्रजीतल्या 'हेड' शब्दाचे डोकं सोडून आणखी कोणते अर्थ होतात?

पुष्कळ होतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात हा शब्द वाचण्यात येतो तो मोटारपंपाच्या पाटीवर, म्हणून तिथूनच सांगतो. पाटीवर 'हेड ३० मीटर' छापलेलं पाहून एका काकाजींनी दुकानात विचारलं होतं, "काऊन बाप्पा, या मोटारीचं डोस्कं तीस मीटरचं हाय का?"

इथे हेड म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते. विहिरीत पाणी ४० फुटांवर, म्हणजे साधारण १२ मीटर, म्हणून १२ मीटरचा पंप घेतला तर फसाल. शेत टेकाडावर असेल तर तो चढ धरायचा, पाइपातलं घर्षणही धरायचं. स्प्रिंकलर लावणार असाल तर १ किलो प्रेशरला (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १ किलो दाब) १० मीटर हेड लागतं. अडीच किलो हवं असेल तर २५ मीटर त्यातच गेले. शिवाय हेड जास्त तर पाणी कमी. पाटीवरचं मोठ्यात मोठं हेड आणि मोठ्यात मोठा डिस्चार्ज (म्हणजे पंप किती पाणी फेकतो ते) एकाच वेळी मिळत नसतो, आणि विकणारा ते आपणहून कशाला सांगेल?

कालव्याचं हेड म्हणजे जिथून पाणी सुटतं ते तोंड, आणि शेवट म्हणजे टेल. टेलवाल्यांची रड वेगळी सांगायला नको. पिकलेल्या फोडाला तोंड पडतं, त्यालाही इंग्रजीत हेडच. आणि प्रकरण निकरावर आलं की ते 'कम टू अ हेड'. आपल्याकडे तोंड म्हणायची जागा तिकडे डोक्याने घेतलीय, त्यामुळे 'हेड' दिसला की डोकं लिहून मोकळं होऊ नका.

कोबीचा गड्डा हेड, जवारीचं कणीसही हेड. ढोरं मोजताना 'फिफ्टी हेड ऑफ कॅटल', तिथे शेवटी एस लावायचा नाही. परीक्षेत पोरं हमखास लावतात. 'पर हेड' म्हणजे आपलं दरडोई. तहसिलीतल्या कागदावरचं लेखाशीर्ष म्हणजे हिशेबाचा हेड. नाणेफेकीतले हेड-टेल म्हणजे छापा-काटा.

वाक्प्रचारांत 'गो ओव्हर वन्स हेड' सोपा, डोक्यावरून गेलं. 'कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट' म्हणजे ज्याला शेंडा ना बुडखा. 'लूज वन्स हेड'ला मात्र जपा: त्यात डोकं फिरण्यापेक्षा घाबरून भान सुटणं जास्त असतं.