चौकट आधी हाताने भरा
क्वांटम अवस्था, म्हणजे प्रणालीवरील मापनांच्या उत्तरांच्या शक्यता सांगणारे गणिती वर्णन, हे आपले ज्ञान आहे की वास्तव, या वादात उतरण्यापूर्वी मर्मिन-पेरेस चौकट स्वतः भरून पाहा, असे मी तुम्हांला कळकळीने सांगेन. बोरिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये वहीच्या पानावर मी ती प्रथम मांडली आणि चर्चगेट येईपर्यंत खोडत राहिलो: नऊ घरांत +१ किंवा -१ असे लिहायचे, की प्रत्येक आडव्या ओळीचा आणि पहिल्या दोन स्तंभांचा गुणाकार +१ यावा, तिसऱ्या स्तंभाचा मात्र -१. हे अशक्यच आहे, कारण त्याच नऊ संख्यांचा गुणाकार ओळींनुसार +१ आणि स्तंभांनुसार -१ येतो. तरीही प्रत्येक घर म्हणजे दोन क्युबिटांवरील (क्युबिट ही सर्वांत साधी, दोन पातळ्यांची क्वांटम प्रणाली) एक मापन मानले, तर एका ओळीतली किंवा स्तंभातली मापने सोबत केल्यावर त्यांची उत्तरे हे नियम तंतोतंत पाळतात. म्हणजे सोबत काय मोजले जाते याच्याशी संबंध नसलेले उत्तर आधीच ठरलेले असते, असे मानता येत नाही. यालाच संदर्भाधीनता म्हणतात.

पण म्हणून अवस्थेला लगेच वास्तव ठरवू नका. भौतिकशास्त्रज्ञ स्पेकेन्स यांच्या २००७ च्या प्रतिमानात अवस्था म्हणजे निव्वळ अपुरे ज्ञान, आणि तरी अवस्थेची हुबेहूब नक्कल करता न येणे त्यातून निघते. संदर्भाधीनता मात्र निघत नाही. अवस्था निव्वळ ज्ञान असू शकत नाही असे सांगणारा प्युसी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांचा २०१२ चा सिद्धांत वाचताना, स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रणालींच्या मूळ (म्हणजे प्रत्यक्ष, वास्तवातल्या) अवस्थाही स्वतंत्र असतात, हे गृहीतक वेगळे लिहून ठेवा. खरा मतभेद बऱ्याचदा तिथेच असतो.